बदली उपग्रह

१२ जाने. ९७, लालबाग
संध्याकाळी परत आमच्या केबलच्या चित्रात मुंग्या. मालिका ऐन रंगात, म्हणून सगळी चाळ आमच्या दारात. आप्पांनी गच्चीवरची डिशची छत्री जरा सरकवली, चित्र आलं, तासाभरात गेलं. चॅनेलच्या हापिसात फोन केला. इंजिनियर म्हणाला, उपग्रह म्हातारा झाला, इंधन संपत आलंय, म्हणून डुलतो. महिनाअखेर बंद. शेजारी नवा आलाय, छत्री तिकडे वळवा.

१३ जाने.
आप्पांना म्हटलं, उपग्रहाची बदली झाली. नको तो शब्द वापरला. कापडाच्या मिलमध्ये आप्पा साच्यावर, म्हणजे मागावर, कायम होते. कायमवाल्याचा खाडा पडला की बदलीवाला तेवढा दिवस साचा चालवायचा. म्हणाले, "बदलीवाल्यासाठी छत्री फिरवूची नसता. कायमवालो येतलो." मी खूप हसले.

१९ जाने.
समजावून दमले. पलीकडच्या केबलवाल्याने आमच्या चाळीत तारा टाकल्या, दुसरा मजला जवळजवळ गेलाच. ब्याऐंशीच्या गिरणी संपानंतर याच धंद्यावर घर उभं राहिलं, तो डोळ्यांदेखत... शेवटी ओरडले, आप्पा, तुमचा कायमवाला परत येत नसतो.
"संप कोणी मागे घेतलो? सांग, कधी घेतलो?"
खरंच, कुणीच नाही. विरून गेला. म्हणजे त्यांच्या लेखी ते अजून संपावर आहेत, आणि कायम. एवढी वर्षं एका घरात राहून मला, त्यांच्या लेकीला, पत्ता नाही. फार वाईट वाटलं. रागही आहेच.

२८ जाने.
सकाळपासून पडदा काळा. आप्पा उठले नाहीत. पाना घेऊन मीच गच्चीवर. खाली टीव्हीसमोर शेजारच्या सुमनवहिनी. आलं का? नाय गो. आता? नाय. दुपारी एकदाचं आलं, अगदी स्वच्छ. चाळ खूश. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले.

३० जाने.
चहाला आप्पा आपणहून बोलले. जुन्याचं काय करतात, विचारलं. इंजिनियरकडून कळलं होतं ते सांगितलं: उरल्यासुरल्या इंधनावर त्याला थोडा वर ढकलतात, नव्यांच्या वाटेत नको म्हणून. मग बंद. पडत मात्र नाही, फिरतच राहतो.
"काम नाय, तरी फेऱ्यो मारूच्यो?"
हो म्हटलं. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग हळूच, "तेका कोणी सांगल्यान काय, तुझी जागा गेली म्हणून?"
सांगितलं असेल, म्हटलं, आणि कपबश्या उचलल्या. आप्पांनी चपला घातल्या, मिलच्या गेटाकडे जाऊन येतो म्हणाले. दिवेलागण झाली, अजून आले नाहीत.