न भुंकणाऱ्या चिंध्याला

प्रिय चिंध्या,

कुत्र्याला कोणी पत्र लिहितं का? त्यात मी चौथी शिकलेला. पण आज कामरेजहून माझा भाचा सुदाम आला, तू गेल्याचं सांगितलं. तेव्हापासून चारदा दाराची कडी तपासून आलो. दुसरं काही सुचेना.

लूमच्या खात्यात, आमच्या मागाच्या कारखान्यात, कापडाच्या चिंध्यांत सापडलास. ओंजळीत मावायचास, पण भुंकायचास केवढा! मग दोन-तीन वर्षांत तुझा आवाजच गेला. घसा बसला म्हणून तुला हळद-गूळ चारला, आठवतं?

त्या दुपारी रातपाळी करून झोपलो होतो. तू लेंगा ओढत राहिलास. मी लाथ मारली रे! उठून बघतो तर दारातला पितळी हंडा गायब. मुकं कुत्रं काय राखण करणार? आठ दिवसांत तुला कोसाडच्या आपल्या घरातून सुदामच्या मळ्यावर धाडलं. टेम्पोतून माझ्याकडे बघत होतास. तोंड सारखं उघडत-मिटत होतं. मला वाटलं, उन्हानं धापा टाकतोयस.

नंतर भेटायला आलो, तर धावत येऊन लेंगाच धरलास.

आज मी म्हणालो, "बिचारा मुका गेला."

 सुदाम माझ्या कानाशी येऊन ओरडला, "मुका? टेम्पोत कोसाडपासून कामरेजपर्यंत भुंकत व्हता! तुमना कानच गयात, मामा!"

खात्यात लूमच्या खडखडाटात आम्ही ओठ बघून, हात हलवूनच बोलतो. त्यामुळे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. पलसाण्याहून मुलगा येतो, त्याच्यावर मी खेकसतो, "पुटपुटतोस काय? नीट बोल!" तो रागानं निघून जातो.

आणि तुला कळलं होतं! कोणी सांगितलं? या माणसापुढे भुंकून उपयोग नाही, याला ओढूनच उठवावं लागतं, हे तुझ्या एवढ्याशा डोक्यात कसं आलं? घरात एवढा शहाणा जीव होता आणि मी त्याला मुका म्हणून देऊन टाकला. 

टेम्पोतून तुला माझा लेंगा धरता येत नव्हता. म्हणून भुंकलास ना?

रविवारी मुलगा येईल. त्याच्यावर ओरडणार नाही. लाज सोडून सांगेन, मला ऐकू येत नाही बाबा. लांबून हाक मारू नकोस. जवळ ये, हात लाव. चिंध्या यायचा तसा.

तुझा बहिरा,
नथू