मुकादमाचा नंबर

प्रिय पंकू,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहतं. इथे पोळा झाला. पाऊस नावापुरता पडला, बाजरीनं तेवढी मान वर काढलीय. आईची कंबर धरलेलीच आहे. तुझ्या संस्थेला अनुदान मिळालं त्या कार्यक्रमातला तुझा फोटो तिला दाखवला, तर म्हणाली, "लई वाळली गं पोरगी, ते मशीन हिला जेवू देत न्हाई का?" एवढं सगळं चांगलं झालं, पण तिचा जीव तुझ्या जेवणात. मी मात्र तुझं काम गावात सगळ्यांना फुशारकीनं सांगत फिरते, हे तुला ठाऊक आहे.

आम्हा आशा सेविकांच्या मोबाईलमध्ये तुझं ते ॲप आलं तेव्हा आम्ही नाकं मुरडली होती, हे खरं. गरोदर बाईची माहिती आम्ही भरायची, कुणाला धोका आहे ते कृत्रिम बुद्धिमत्ता ओळखणार, आणि तिनं दिलेल्या नंबरवर आपोआप फोन जाऊन तिला सल्ला मिळणार. आमच्या कामावर नजर ठेवायला आणलंय, अशी कुजबुज होती. मग बनुबाईच्या सुनेच्या नावापुढे लाल खूण आली. वरून ती चांगली टवटवीत दिसत होती. तरी जीपमध्ये घालून पाथर्डीच्या दवाखान्यात नेली, तर रक्तदाब भलताच चढलेला. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. त्या दिवसापासून तुझ्या मशीनला कुणी नावं ठेवली तर मी पदर खोचून भांडते. म्हणून आता जे लिहितेय ते रागानं असलं तरी दुष्टाव्यानं नाही, एवढं धरून चाल.

परवा तू तुझा अहवाल मोबाईलवर पाठवलास. त्यात लिहिलंय की ऊसतोडीला गेलेल्या बायकांनी सर्वांत जास्त फोन घेतले आणि जवळजवळ सगळ्यांनी तब्येत बरी असल्याचं सांगितलं. त्याच जोरावर पुढचं अनुदान मागणार आहात, आणखी तालुके घेणार आहात. पैसे देणारी मंडळी पुढच्या आठवड्यात तिसगावला येतील तेव्हा दोन शब्द चांगले बोलणाऱ्या बायका आण, आपल्या रेश्मावहिनीला पुढे बसव, असं तू लिहिलंस. वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, ते फोन घेतले कुणी?

आपल्याकडे तोडीला जाणाऱ्या माणसाला नंबर विचारला की तो टोळी नेणाऱ्या मुकादमाचा देतो. टोळी आज या फडात, उद्या दुसऱ्या गावी. हंगामात हमखास सापडणारा माणूस तोच. तुझ्या होस्टेलच्या अर्जावर तरी कुणाचा नंबर होता? सूर्यभान मुकादमाचाच. तू बारावीच्या सहामाहीत पहिली आलीस ही बातमी आई-बाबांना उसाच्या फडात त्यानंच ओरडून सांगितली होती. तसाच वहिनीनंही तुझ्या मशीनला त्याचा नंबर दिला, आणि तिच्यासारख्या कितीजणींनी दिला. मशीनला यातलं काही कळलं नाही, त्याचं मला नवल नाही. तुला कळलं नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

गेल्या हंगामात दादा-वहिनी दिवाळीनंतर गेले तेव्हा वहिनीला चौथा महिना होता. अंगात रक्त कमी म्हणून मशीननं तिला बरोबर ओळखलं. फोन गेला, गोड आवाजात सगळं सांगितलं गेलं: या बाईला धोका आहे, हिला जड उचलू देऊ नका, विश्रांती द्या. ते ऐकलं सूर्यभाननं. तो काही राक्षस नाही, पण त्याला गाडी भरायची असते. तो दादाला म्हणाला, "गोरख, बायकूला झेपत न्हाई तर दुसरी जोडी आनतो, मला खाडा परवडत न्हाई." नवरा-बायको मिळून एक कोयता, तिनं बसायचं म्हणजे दोघांचंही काम जायचं. पुढचा फोन आला तेव्हा मुकादम मोबाईल धरून समोर उभा होता, आणि वहिनी म्हणाली, "मी बरी हाय, मला काय तरास न्हाई." दरवेळी तेच म्हणाली. त्याला दिसावं म्हणून उसाची मोळी दुसऱ्या बायकांच्या आधी डोक्यावर घेतली. तुला आम्ही कळवलं होतं की पोटातलं सुरुवातीलाच गेलं. खोटं होतं ते, पंकू. सातवा महिना होता. मुलगी होती. फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत झालं, आणि तिथेच जवळ पुरलं. तुझ्या अहवालात वहिनी 'तब्येत बरी' मध्ये आहे. तुला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली होती, "पंकीचं काम मोडंल" म्हणून. ती शपथ मी आज मोडते.

एवढं झाल्यावरही मी गप्प राहिले असते, कारण गेलेलं बाळ पत्रानं परत येत नाही. पण वहिनीला पुन्हा दिवस राहिलेत, तिसरा महिना आहे. दिवाळी झाली की टोळी निघेल आणि ती दोघं जाणार. घरी राहा म्हणून सांगून बघितलं, ऐकत नाहीत. ती मला तिचं नाव लिहू देत नाही, तपासायला हातही लावू देत नाही. वस्तीवरच्या आणखी बायका आता पोट लपवायला लागल्यात. त्या मंडळींसमोर वहिनीला बसवणार नाही, तू स्वतः उभी राहा आणि हे सांग. अनुदान जायचं असेल तर जाऊ दे, आणि मिळालं तर आधी ते मुकादमांचे नंबर काढ; फोन मला येऊ दे, नाहीतर कारखान्याजवळच्या आशाला, आम्ही फडात जाऊ. टोळी निघायच्या आत हे व्हायला हवं. काल भाकरी थापताना वहिनी खाली मान घालून म्हणाली, "वन्सं, पंकीला सांगा. तिचीच भाची नाहीतर भाचा हाय. पण तिच्या मशीनला कळू देऊ नका."

तुझीच, चिडलेली तरी तुझीच,
अश्विनीताई