नळावर मी होते

टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद
१४ सप्टेंबर २०२५, रविवार

चि. अक्षता,

तुला आईबापाचा आशीर्वाद. घरी सगळे ठीक. सोयाबीनला शेंगा भरल्यात, म्हैस व्याली, पारडी झाली. तुझे बाबा पारडीचं नाव 'बोट' ठेवायचं म्हणतात. मी म्हटलं, ठेवा, आधीच गाव आपल्याला काय कमी हसलंय!

पण आता हसत नाही गं कुणी. परवा बाजारात प्रभावती भेटली. तीच ती, तू जालन्याला आयटीआयला डिझेल मेकॅनिकला नाव घातलंस तेव्हा तोंडाला पदर लावून हसलेली. टमाटे निवडता निवडता म्हणाली, "का वं तुळजाबाई, पोरगी अजून बोटीच धुऊन राह्यली का तिकडं समुद्राकाठी देवबागला?"

मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "धुऊन न्हाई, सांभाळून राह्यली. आठ माणसं बसतेत त्या जेट बोटीत. तिला पंखा न्हाई, खालून पाणी ओढती आन् मागून जोरात फेकती, तशी पळती. समुद्रातून आली की तिच्या पोटात सगळं मीठ. आधी ट्रॉलीवर वर घ्यायची, बूच काढून आतलं पाणी सोडायचं. जाळीतली वाळू, जाळ्याचे दोरे हातानं काढायचे. मंग नळाचा पाइप बोटीला लावून इंजिन चालू, आन् मंगच नळ सोडायचा. बंद करताना आधी नळ, मंग इंजिन. उलटं केलं तर पाणी इंजिनात घुसतं. मंग पुसायचं, तेल फवारायचं, ग्रीस भरायचं. तुझ्या पोराला जमतंय का?"

टमाटेवाला वजन करायचं विसरला. प्रभावतीचा तर चेहराच उतरला. मला असं बरं वाटलं म्हणून सांगू! मे महिन्यात तुझ्याकडे आठ दिवस राहिले, त्यात हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं ना. कोपरापर्यंत ग्रीस, कानामागे पाना, आणि बोटीचे मालकसुद्धा ती पाण्यात सोडायच्या आधी तुला विचारत होते, "अक्षता, सोडू ना?" माझी लेक हो म्हणाली तर बोट जाणार! मी तिथं शेडमागे जाऊन डोळे पुसले, तुला दाखवलं नाही.

मग प्रभावतीनं विचारलं, "आन् एवढं धुवायला पाणी किती लागतं गं?"

मी टमाट्यांचा भाव विचारला आणि घरी आले.

तुझा फोन आला त्या दिवसापासून माझं असंच चाललंय. तू म्हणालीस, पावसाळाभर झाकलेली बोट उघडली तर पाणी ओढणारा पंप जाम, खोलून बघितला तर आत पांढरा थर. मालक म्हणाले, शेवटची धुलाई गोड्या पाण्यानं केली नाहीस. तू म्हणालीस, केली. ते म्हणाले, मग मीठ आलं कुठून? बोटीची चावी काढून घेतली आणि तुला प्रवाशांना लाइफ जॅकेटं वाटायला बसवलं. एवढं सगळं तू न रडता सांगितलंस. शेवटी मात्र म्हणालीस, "आई, माझंच कायतरी चुकलं असंल."

मी काय बोलले? "जेवली का?" एवढंच. फोन ठेवला आणि न्हाणीतली बादली बघत बसले. बोअरच्या पाण्यानं तिच्या काठाला पांढरा थर बसलाय, खरवडला तरी निघत नाही.

अक्षता, तुझं काही चुकलं नाही. नळावर मी होते.

आपल्या घरात दोन रांजण, तुला ठाऊकच आहे. एक प्यायच्या पाण्याचा, एक वापरायच्या पाण्याचा. प्यायच्या पाण्यानं तू हात धुतलास म्हणून सहा वर्षांची असताना तुला मी चापट मारली होती. तुझ्या शेडमागेही तसेच दोन नळ. एक टँकरनं भरलेल्या टाकीचा, एक विहिरीचा. ती विहीर उन्हाळ्यात खारी होते, नुसते पाय धुवायचे तिच्या पाण्यानं. तू मला पहिल्याच दिवशी बजावलं होतंस, "आई, बोटीला फक्त टाकीचं पाणी."

शेवटच्या दिवशी मला नळावर उभं करून तू म्हणालीस, बोट आता पावसाळाभर झाकून ठेवायची, आज अर्धा तास पाणी चालू दे. तू बोटीच्या मागून पडणारं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलंस, गोड लागलं, तशी हसलीस आणि इंजिनाकडे वळलीस. मी टाकीत डोकावले. तळाला हातभर पाणी उरलेलं. अर्धा तास गोडं पाणी वाळूत सोडायचं? आयुष्यभर डोक्यावर हंडे वाहिलेली बाई मी! धुवायला काय, वापरायचं पाणी चालतं, असं म्हणत मी पाइप झटक्यात विहिरीच्या नळाला लावला. चुकून नाही. विचार करून लावला. वर स्वतःला शाबासकीही दिली, लेकीच्या मालकाचं पाणी वाचवलं म्हणून.

पाणी क्षणभर तुटलं, तशी तू ओरडलीस, "आई, गोडंच हाय ना?"

मी म्हणाले, "गोडंच हाय, तू तुझं काम कर."

तू पुन्हा जिभेला लावून पाहिलं नाहीस. आईनं सांगितल्यावर कशाला पाहशील?

तेच मीठ पावसाळाभर आत बसून राहिलं. हे फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "जाऊ दे आई, कुणाला सांगू नको." माझी अब्रू झाकायला तू तुझं काम गमावलं असतंस. ओळखते मी तुला. म्हणून कागदावर लिहिलं. हे पत्र मालकांना दाखवायचं. माझी शपथ आहे. त्यांनी वाचावं म्हणून पुढचं मोठ्या अक्षरात लिहिते.

मालक, तुमच्या बोटीत खारं पाणी मी सोडलं. अक्षताला माहीत नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. चावी तिची आहे, तिला द्या. मला जे बोलायचं ते बोला, मी दिवाळीनंतर समोर येते आहे.

बाबांना काल सांगितलं. ते म्हणाले, "पोरीनं पंप खोलून मीठ शोधलं, आन् ते मीठ निघालं तुझं." आणि हसले. मलाही हसू आलं, पहिल्यांदाच इतक्या दिवसांत. उद्या मी प्रभावतीकडे जाऊन तिच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. अर्धा तास, आणि सगळं गोडं. आणि चुकलं कोण, तेही सांगणार. बोट सांभाळणाऱ्या पोरीच्या नावाला गावात डाग नको.

दिवाळीनंतर आले की तू धुताना मी लांब बसेन. नळाला हात लावणार नाही. तू फक्त जिभेला लावून बघत जा, मी सांगितलं तरीसुद्धा.

तुझ्या कामात खोट नव्हती, हे सही करून सांगणारी,

तुझी आई
तुळजाबाई रखमाजी शेळके