फोटोत मी का नाही

ती. ताईस,
धाकट्या भावाचा कान पकडून नमस्कार.

तू विचारलंस, "किटली, चपला, जिना सगळ्यांचे फोटो पाठवतोस, तुझं थोबाड कुठंय?" प्रश्न रास्त आहे.

परवा पाचवी कॅमेरा बॅग घेतली. कॅमेरा एकच आहे, हसू नकोस. ही कमरेला बांधायची आहे, कारण खांद्यावर ओझं घ्यायला डॉक्टरांनी मनाई केलीय. छोटंसं ऑपरेशन होतं. टाके निघून महिना झाला. तू घाबरशील म्हणून कळवलं नाही.

सध्या घरीच असतो आणि जपानी मालिका बघतो. त्यात माणसं अर्धा तास चहा पितात, पण कुणी कुणाला टोमणा मारत नाही. दुसऱ्याच भागात तुझी आठवण आली.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी घेतेस ना?

टायमर लावून स्वतःचे बरेच फोटो काढले आणि सगळे पुसले. सोबतचा फोटो शेजारच्या शिंप्याने काढला आणि मी पुसायच्या आत छापूनही आणला. वाळलेला दिसतोय, तो कॅमेऱ्याचा दोष नाही.

बघितलास की फोन कर आणि मनसोक्त रागाव. इथे सगळे माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

तुझा,
धाकटा