आंब्याच्या लाकडाची तोफ

अण्णा, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

दहावीला इतिहास तुम्हीच शिकवायला होतात. अभ्यासक्रमात नसलेलं बल्गेरियाचं बंड तुम्ही दरवर्षी सांगायचात. तुर्की सुलतानाविरुद्ध उठलेल्या त्या गावकऱ्यांकडे तोफा नव्हत्या, म्हणून त्यांनी झाडांचे बुंधे पोखरले, वरून लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यातूनच बार काढले. "कसलं झाड? आंब्याचं!" म्हणत तुम्ही टेबलावर हात आपटता आणि सगळा वर्ग ताठ बसतो. मी हात वर करते. झाड चेरीचं होतं, हे मी वाचनालयातल्या पुस्तकात वाचलेलं असतं. "आता तू शिकवणार का? ये, घे खडू," तुम्ही म्हणता. तास संपेपर्यंत मी खडू धरून फळ्यापाशी उभी. घरी आल्यावर म्हणालात, "या पोरांनी जन्मात चेरी पाहिलेली नाही. त्यांना तोफ दिसायला हवी." हेच वर्गात सांगायला तुमचं काय जात होतं?

बंड म्हटलं की तुमचे डोळे भरून यायचे. घरात मात्र सुलतान तुम्हीच होतात. बारावीनंतर मला इतिहास घ्यायचा होता. तुम्ही इंजिनिअरिंगचा फॉर्म स्वतःच्या वळणदार अक्षरात भरून माझ्यापुढे सरकवलात. "इतिहासानं माझं काय भलं केलं? सही कर." मी केली. भांडले नाही, याचाच संताप जास्त आहे. त्या सहीनं मी अमेरिकेत, या ईडन प्रेरीपर्यंत आले, आणि ज्या कामात आजही दिवसभर बसते त्यात माझा जीव कधी रमला नाही.

आई गेल्यावर तुम्ही इथे आलात. आमच्या शेजारचे निवृत्त गृहस्थ बल्गेरियाचे. एका रविवारी ते चहाला आले, पोहे झाले, आणि तुम्ही तुमच्या शाळामास्तरी इंग्रजीत बंड सांगायला घेतलंत. किती वर्षांनी तुमचा आवाज चढला होता. सवयीनं "मँगो ट्री!" म्हणून टेबलावर हात आपटलात. मी हसले. मग तेही हसले. "मँगो? इन बल्गेरिया?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आमच्या पोरांना तोफ दिसावी म्हणून हे असं सांगतात, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी कपबशा उचलल्या. त्यानंतर ती गोष्ट तुम्ही कुणालाच सांगितली नाहीत.

परवा मी दारातला बर्फ काढत होते, तेव्हा ते शेजारी थांबून म्हणाले, "आमच्या बंडाबद्दल जिव्हाळ्यानं बोलणारे इथे मला तुझे वडीलच तेवढे भेटले. तू हसलीस, म्हणून मला वाटलं ते गंमत करतायत."

मी पुन्हा बर्फ उपसायला लागले. तुम्ही असतात तरी हे पत्र तुमच्या हाती दिलं नसतं. त्या रविवारी त्यांना मी चहाला बोलावलं, ते तुम्हाला सोबत मिळावी म्हणून नव्हे. तुम्ही आंबाच म्हणणार, हे मला माहीत होतं.