गळ रुतला, कळलंच नाही

रविवार संध्याकाळ, कोलशेत

बाबा खाडीवर न्यायच्या गळाला कोंबडीचं पांढरं पीस बांधत होते. दोरा आवळताना गळ अंगठ्यात रुतला, तरी ते बांधतच राहिले. पीस लाल झालं तेव्हा मीच ओरडले, "बाबा, रक्त!"

"अगं, कळलंच नाही मला."

कळलंच नाही? गळ काढतानाही हूं की चूं नाही. शेवटी कबूल केलं, दिवाळीपासून बोटं बधीर आहेत. रक्तातली साखर वाढली असेल का? वर म्हणाले, "आईला सांगू नकोस. ती माझं खाडीवर जाणं बंद करेल."

मी सांगितलं. चुकलं का माझं? आई ओरडली नाही, त्यांचा अंगठा हातात धरून बसून राहिली. बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत. पण उद्या डॉक्टरकडे येतो म्हणाले, तेही आईला.