गाडीतल्या पिल्लाचे रडणे थांबवण्याबाबत

दिनांक : १८ मार्च १९९४

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी साहेब,
भटकी कुत्री बंदोबस्त शाखा, पूर्व विभाग, पुणे

अर्जदार : शमशुद्दीन करीम तांबोळी, वय ६३, राहणार हडपसर

विषय : कुत्री पकडण्याच्या गाडीवर वाजणारी कॅसेट आजच्या आज बंद होऊन परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) सत्काराचे आपले पत्र, दि. ३ जानेवारी १९९४
२) मांजराच्या आवाजाची मागणी करणारे आपले पत्र, दि. ११ मार्च १९९४

महोदय,

१. अर्जदार गेली तीस वर्षे मुलांच्या नाटकांत आणि गाण्यांच्या कॅसेटींत कुत्र्या-मांजरांचे आवाज काढतो. पडद्याआड भुंकणाऱ्याला कोणी ओळखत नाही, व त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. त्याच्या एका गाण्यात हरवलेले पिल्लू आईसाठी रडते आणि सगळी मुले त्याला हाका मारून घरी आणतात. हे रडणे त्याने उसाच्या फडाशेजारी एका खऱ्या पिल्लाजवळ तीन दिवस बसून आपल्या गळ्यात उचलले होते.

२. जानेवारीत आपल्या शाखेने अर्जदाराला शाल व श्रीफळ दिले. आयुष्यातला पहिलाच सत्कार, तो हुरळून गेला. त्याच वेळी लिपिक श्रीधरपंतांनी, मुलांच्या कार्यक्रमासाठी म्हणून, पिल्लाची कॅसेट मागितली. खांद्यावर शाल असताना नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. कॅसेट दिली ही चूक अर्जदाराचीच, हे तो लिहून देतो.

३. महिन्याभरात ती कॅसेट गाडीच्या भोंग्यावर वाजू लागली. पिल्लू रडते आणि गल्लीबोळांतून कुत्री धावत येतात. त्यांत बहुतेक माद्या असतात, कित्येकींना अंगावर दूध असते. चालक हिंदुराव कौतुकाने म्हणाले, "चाचा, तुमचा आवाज लावला की फास टाकावाच लागत न्हाई. आपसूक गाडीत चढत्यात." त्या दिवसापासून अर्जदाराला अन्न गोड लागत नाही. कचेरीत तीन खेपा घातल्या. कॅसेट आता साठ्याच्या नोंदवहीत चढली आहे, ती निघत नाही, असे सांगण्यात आले. वर कुत्र्यांबाबतचे यश पाहता मांजराचाही आवाज आठ दिवसांत पुरवावा, असे पत्र आले.

४. अर्जदाराला भीती वाटते, साहेब. तो घरात नुसता खोकला तरी बाहेरची कुत्री उठून दाराकडे बघत राहतात. भुंकत नाहीत. भुंकली असती तर बरे झाले असते.

५. पण अर्ज स्वतःसाठी नाही. अर्जदाराची नात सलीमा पाच वर्षांची आहे, ती त्याला नाना म्हणते. काल गुरुवारी दुपारी चार वाजता गाडी गल्लीत आली, तेव्हा अर्जदार सुपारी आणायला कोपऱ्यावर गेला होता. परत येतो तो पोर दारात नाही. ती गाडीच्या मागच्या दाराशी, नऊ-दहा कुत्र्यांच्या गराड्यात उभी होती आणि कडी ओढत होती. एका कुत्रीने तिच्या ईदच्या नव्या फ्रॉकचा घेर दातांत धरून तिला मागे ओढले होते. चावण्यासाठी ओढले, की पिल्लू समजून, हे अर्जदाराला सांगता येणार नाही. हिंदुरावांनी फास टाकून त्या कुत्रीला गाडीत घातले. सलीमाला ओरखडाही नाही.

६. तिला विचारले, का गेलीस. म्हणाली, नाना गाडीत कोंडलाय, रडतोय, त्याला काढायला गेले. अर्जदाराने तिला मांडीवर घेतले आणि नाना इथेच आहे, असे दहा वेळा सांगितले. तिने त्याच्या तोंडावर हात फिरवून पाहिला. मग म्हणाली, "मग गाडीत रडतंय कोण?"

आज चारला गाडी पुन्हा येणार आहे.

आपला नम्र, दाराला आतून कडी लावून बसलेला,
शमशुद्दीन करीम तांबोळी

सोबत :
१) फ्रॉकचा फाटलेला घेर
२) शाल व श्रीफळ, परत (नारळ फोडलेला नाही)
३) मागणीप्रमाणे मांजराच्या आवाजाची कॅसेट (कोरी)